नेम कुणाच्या जिवावर?

सवयींनी माणूस घडतो, यात शंका नाही. पण सवयींवरची बहुतेक पुस्तकं एकट्या माणसाला समोर ठेवून लिहिलेली असतात. त्याचं पहाटे उठणं, त्याचा व्यायाम, त्याची बचत. त्याच घरात आणखी कुणी राहतं आणि त्याच्या नेमाची किंमत पुष्कळदा तेच मोजतं, याची नोंद क्वचितच होते. म्हणून या विषयावर विचार करताना मला धोंडो केशव कर्वे आणि आनंदीबाई, म्हणजे अण्णा आणि बाया, यांच्या संसाराकडे पाहावंसं वाटतं.

अण्णांचा नेम अचाट होता. परीक्षेसाठी मुरुडहून कुंभार्ली घाट ओलांडून ते साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परत पाठवले गेले. तरी शिक्षण सोडलं नाही. 1900 मध्ये त्यांचा विधवांसाठीचा आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगणं गाठायचं, हा त्यांचा क्रम झाला. मिळकतीतला वाटा समाजासाठी बाजूला काढायची सवय तर त्याआधीचीच. पुढे विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी संस्थेला देऊन टाकली.

पॉलिसी संस्थेला गेली, पण तिचा आधार गेला तो बायांचा.

बाया बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. 1893 मध्ये अण्णांशी पुनर्विवाह केला म्हणून अण्णांच्या गावाने, मुरुडने, दोघांनाही वाळीत टाकलं. त्यानंतर जे झालं ते मला बहिष्कारापेक्षाही कठीण वाटतं. पुनर्विवाहाशी आश्रमाचं नाव जोडलं गेलं तर लोक विधवा मुलींना तिथे पाठवणार नाहीत, म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाचा प्रचार आणि आश्रम ही दोन्ही कामं कटाक्षाने वेगळी ठेवली. परिणाम असा की नवऱ्याने ज्यांच्यासाठी घरदार ओतलं, त्या आश्रमात बायकोलाच मोकळेपणाने वावरता येईना. अण्णांचा हिशेब चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. त्या काळच्या पुण्यात दुसरा मार्ग फारसा नव्हता. पण योग्य निर्णयाचाही घाव बसतो आणि ज्याला बसतो त्याने तो गिळूनच टाकावा, अशी अपेक्षा आपण फार सहज करतो.

बायांनी तो गिळला नाही. पैशाची ओढाताण, मुलांची आबाळ, आश्रमातलं परकेपण हे सगळं त्यांनी बोलून दाखवलं. आणि बोलत असतानाच नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, संसाराला हातभार लावला, आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. नुसत्या सोशिकतेने हे लग्न टिकलं, असं मानणं मला पटत नाही. तक्रार करायची मुभा आणि स्वतःचं काम ही दोन्ही बायांपाशी होती, म्हणून ते टिकलं. थोरांच्या चरित्रांत सवयींची यादी मिळते. घरातलं भांडण कसं चालायचं, हे मात्र शोधावं लागतं, आणि संसार शिकायचा तर उपयोगी पडतं ते हेच.

बायांच्या बाबतीत ते फार शोधावं लागत नाही. ‘माझे पुराण’ हे त्यांचं आत्मकथन सून कावेरी कर्वे यांनी संपादित केलं. नवऱ्याबद्दलची नाराजी त्यात झाकलेली नाही, आणि ते छापलं गेलं तेव्हा अण्णा हयात होते.