झिणझिण्या

गेल्या वर्षी दिवाळी आठ दिवसांवर आली असतानाची गोष्ट. जिंतूरकडची पहाट गारठू लागली होती. तांब्याचा बंब आमच्या घरात केव्हाच माळ्यावर गेला; पाणी तापते ते रॉडवर. लोखंडी बादलीत तो सोडायचा, बटण दाबायचे, की पाऊण तासात पाणी कढत.

एका सकाळी पत्नी म्हणाली, “अहो, बादलीला हात लावला की झिणझिण्या येतात.”

“थंडीने हात बधिर झाला असेल,” मी वर्तमानपत्रातूनच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितले. तेव्हा मी न्हाणीत गेलो आणि बादलीच्या कडीला हात लावला. काही झाले नाही. “मनाचे खेळ आहेत तुझ्या,” मी निकाल दिला.

तिसऱ्या दिवशी धुणेभांडी करणाऱ्या मावशी किंचाळल्या. मी धावत गेलो. मावशी ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. पत्नीही रोज तशीच उभी राहत असे. माझ्या पायांत मात्र रबरी चपला होत्या. विजेला माझ्यातून जमिनीकडे जायला वाट नव्हती, त्यांच्यातून होती. मुलांना विजेचा धडा शिकवणाऱ्या मला हे सुचू नये!

वायरमनने रॉड पाहिला. आमचे बोअरचे पाणी जड. नळीवर चुन्याचा जाड थर बसला होता. त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडेना, आणि फार तापून नळी बारीकशी चिरली होती. नळीत निक्रोमची तार असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. भुकटी कोरडी असते तोवर वीज अडवते. ओली झाली की वाट देते. त्याने पिन आणि नळी यांच्यामध्ये सिरीजचा दिवा जोडला. जो पेटायलाच नको, तो मंद पेटला.

“हा दुरुस्त होत नाही, गुरुजी. टाकून द्या.”

मग त्याने सॉकेट उघडले. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे तारच नव्हती. गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेची जागा तेवढी होती.

“पण फ्यूज कसा उडाला नाही?” मी विचारले. उत्तर साधे होते. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. गळती अँपिअरच्या काही शतांश भागांची. फ्यूजला तिची दखलही नसते. माणसाचा जीव जायला मात्र तेवढी पुरते. फ्यूज तारेची राखण करतो, माणसाची नव्हे.

रॉड टाकला, अर्थिंगची तार ओढून घेतली. माझ्या निदानातला दोष मात्र अजून सलतो. मला धक्का बसला नाही, हे खरे होते. म्हणून धक्का नाहीच, हे खोटे होते. प्रत्यक्षाला प्रमाण मानावे, असे आपण म्हणतो. पण माझे प्रत्यक्ष चपला घालून उभे होते. वर्गात मागच्या बाकावरचे पोर म्हणते, “गुरुजी, फळा दिसत नाही.” मला तो स्वच्छ दिसतो, कारण मी त्याच्यापुढेच उभा असतो.

कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक तक्रार खरी मानायची? तसे नाही. तक्रार तपासावीच. पण तपासण्याआधी बटण बंद करावे. पत्नीचा खरोखरच भास असता, तर मला एक दिवस गार पाण्याने आंघोळ करावी लागली असती, एवढेच. तो नव्हता, आणि ते ठरेपर्यंतचे दोन दिवस मी तिच्या जिवावर काढले.

नरकचतुर्दशीला माळ्यावरचा बंब खाली आला. पहाटे तो मीच पेटवला. पत्नी म्हणाली, “धूर फार होतोय हो.” माझ्या डोळ्यांना काही जाणवत नव्हते. तरी मी उठलो आणि खिडकी उघडली.