टेकलेला पाय आणि उचललेला पाय

वारकरी बंधूंनो, आघात एकच आणि दोघांना उपदेश मात्र दोन, हा न्याय की पक्षपात? कड्यातल्याच एका गृहस्थाने मला हा प्रश्न घातला, आणि तो पुष्कळ दिवस उरात सलत राहिला.

घडले ते असे. भावकीत बोलणे लागले म्हणून एक सडाफटिंग तरुण घर सोडून निघाला. मी म्हणालो, "जा बाबा, चार गावं बघून ये." पुढे तसाच शब्द या गृहस्थाच्या जिव्हारी लागला. घरी म्हातारी आई, तीन लेकरे, दावणीला दोन बैल. त्याला मी म्हणालो, "तू हलू नकोस." तो म्हणाला, "महाराज, त्याला एक शास्त्र अन् मला दुसरं?"

उत्तर मला पोथीत नव्हे, पायात सापडले. चालताना उचललेल्या पावलाला दगड लागला तर पाय आपसूक आणखी दुमडतो आणि दगडावरून पलीकडे जातो. पण अंगाचा भार ज्यावर आहे तो पायही असाच उचलला, तर माणूस तोंडघशीच पडायचा! १९७५ साली फोर्सबर्ग, ग्रिल्नर आणि रोसिन्योल या संशोधकांनी हे मांजरांत पाहिले. त्यांच्या मागच्या पायांचा मेंदूशी संबंध तोडलेला होता. केवळ मज्जारज्जूच्या बळावर ते पाय फिरत्या पट्ट्यावर चालत. पंजा अधांतरी असताना त्याच्या वरच्या बाजूस स्पर्श केला की पाय अधिक दुमडे; तोच स्पर्श टेकल्या पंजाला झाला की पाय ताठ करणारे स्नायू अधिक जोर करीत. त्या मुक्या जीवांचे हे ऋणच म्हणायचे.

याचे कारण असे की, मज्जारज्जूतच चालीचा ठेका धरणारे पेशींचे जाळे आहे. पाऊल कोठे आहे त्याप्रमाणे ते स्पर्शाला एक वाट मोकळी करते, दुसरी अडवते. आणखी एक नवल. प्राणी स्वस्थ असता स्नायूवर ताण आला की कंडरेतून निघालेली संवेदना त्याच स्नायूला सैल करते. चालू लागला की तसलीच संवेदना त्याला बळ देते. ओझेच आधार होते!

म्हणजे नियम मोडला नाही. नियमातच देश, काल, पात्र गोवलेले आहे. मी गृहस्थाला हे सांगितले. तो मुकाट्याने ऐकून म्हणाला, "मग टेकलेल्या पायानं जन्मभर टेकूनच राहायचं का?"

सज्जनहो, येथे मी निरुत्तर झालो. दृष्टान्त अर्धाच धरला होता. टेकलेला पाय जन्मभर टेकून राहत नाही. दुसरे पाऊल पुढे पडते, भार त्याच्यावर जातो, आणि मागचा हलका झाला की मगच उचलला जातो. एकाच पायावर कोणी पंढरी गाठलेली नाही. "सोस" एवढेच सांगणारा उपदेशक अर्धे शास्त्र सांगतो. घरातल्या सुनेला तर आपण ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो.

दृष्टान्त एकदेशी असतो, हेही खरे. मज्जारज्जू विचार न करता करतो. माणसाने विचार करून करायचे असते. म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाकडे गेलो आणि म्हणालो, "तुझं पाऊल टेक. थोरल्याला जरा उचलू दे."

हे मी आधीच करायला हवे होते.

रामकृष्णहरि.