देवाचे आणि आपले



जे आपले आहे ते श्रद्धेने दुसऱ्यास देणे, यास दान म्हणतात. जे मुळात आपले नाही, ते कितीही भक्तिभावाने दिले तरी दान ठरत नाही. हा विचार मांडण्याचे निमित्त म्हणजे सह्याद्रीतील देवराया.

पुण्यातील अनेक घराण्यांची दैवते मुळशी, मावळ, भोर या तालुक्यांत आहेत. वाघजाई, काळकाई, भैरोबा यांची ठाणी पुष्कळदा गर्द झाडीत असतात. तेथील वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक कित्येक गावांनी पिढ्यानपिढ्या पाळला. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील (आजची आघारकर संशोधन संस्था) डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला. भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना जुने वृक्ष आणि गारंबीसारखे महाकाय वेल देवाच्या धाकाने तेथे टिकून होते.

वादळात एखादा वृक्ष उन्मळला, तर सावलीत वाट पाहणारी रोपे ती जागा भरून काढतात. देवराईला एवढा बदल पेलतो. मात्र अनेक वृक्ष एकदम तुटले की ऊन आणि वारा थेट जमिनीपर्यंत पोहोचतो, पाचोळ्यातील ओल आटते, सावलीतली रोपे मरतात आणि घाणेरी, रानमोडी माजते. धनेश पक्षी जुन्या वृक्षाच्या ढोलीत घरटे करतो आणि वड, उंबर यांची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर टाकतो. ढोली गेली की धनेश जातो आणि त्याच्यामागे बियांचा प्रवासही थांबतो. ही हानी लगेच दिसत नाही. उरलेले वृक्ष अनेक वर्षे उभे राहतात, परंतु त्यांच्याखाली त्यांचे एकही रोप नसते.

अलीकडच्या काळात काही ठिकाणी देवराईतील झाडे विकून त्या पैशांतून मंदिराचा जीर्णोद्धार झाला. देव उन्हापावसात आहे, ही ग्रामस्थांची कळकळ खरी आहे. तिला दोष देणे योग्य नव्हे. तरीही प्रश्न उरतो : देवाचीच झाडे विकून देवालाच मंदिर बांधले, तर त्यात आपण काय दिले?

आपल्या कायद्यानेही देवतेस मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानले आहे. विश्वस्त ती केवळ सांभाळतात. देवराई ही अशीच ठेव आहे, आणि तिच्यावर पाखरांचा, झऱ्यांचा व पुढील पिढ्यांचाही भार आहे. मंडप वर्षभरात पुन्हा उभारता येतो, देवराईला मात्र अनेक पिढ्या लागतात.

म्हणून भाविकांस नम्र विनंती, की आपल्या गावच्या दैवतासाठी देणगी देताना एक प्रश्न अवश्य विचारावा : या कामासाठी किती झाडे तोडली जाणार आहेत? शक्य तेथे आहे त्याच चौथऱ्यावर दुरुस्तीचा आग्रह धरावा. देणगीदाराच्या शब्दाला गावात मान असतो. तो या कामी लावावा.

देवाचे ते देवापाशी राहो आणि आपले तेवढेच आपल्या हातून अर्पण होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव, देवस्थान कार्यालय, पुणे