मातीची गाय आणि तोड्याची बंदूक

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात जुना दागिना मोडीत निघतो तेव्हा घडणावळ, म्हणजे कारागिरीचे मोल, सोडून द्यावी लागते आणि कस व वजन तेवढे उरते. जुन्या बंदुकीचे नेमके उलटे आहे, कारण तिचे लोखंड भंगाराच्या भावाचे आणि मोल सारे घडणीचे असते. ज्या लष्कर भागात हा बाजार आहे तो दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या छावणीतून वाढला, आणि दसऱ्याचे शस्त्रपूजन ही त्या लष्करी परंपरेची खूण होय. परंतु जी बंदूक आता उडत नाही तिला शस्त्र का म्हणावे?

प्रश्न शब्दार्थाचा आहे. तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांनुसार शब्दाचा अर्थ व्यक्ती (प्रत्यक्ष वस्तू), आकृती (अवयवांची रचना) आणि जाती (सामान्य धर्म) या तिन्हींत असतो, आणि मातीच्या गाईला पहिल्या दोन असूनही जाती नसल्यामुळे तिच्यावर प्रोक्षण, म्हणजे मंत्रपूर्वक पाणी शिंपडणे, होत नाही. १७९० पासूनची परंपरा सांगणाऱ्या बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशातील संडीला येथे भारतीय भागीदारीत बनते, तेव्हा नाव व आकृती जुनी, हात नवे असले तरी ते उडते, म्हणून ते मातीची गाय नव्हे. तोड्याची (वातीने पेटवण्याची) जुनी बंदूक मात्र मुकी असूनही हळदकुंकू मिळवते, आणि याबाबतीत नैयायिकांपेक्षा पूजकाचे पारडे जड वाटते: जळती जामगी (वातीची दोरी) खाली येते, कानावरची (नळीच्या छिद्राजवळची) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, पेटते, आग नळीत शिरते, हा कार्यकारणभाव तिच्या अंगावर आजही उघडा दिसतो.