दुय्यम पात्रांचा हक्क : प्रणयकादंबरीमालांच्या निमित्ताने

कादंबरी वाचून संपल्यावर वाचकाच्या मनात जे प्रश्न रेंगाळतात, त्यांतला एक प्रश्न समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. 'आणि तिचे पुढे काय झाले?' हा तो प्रश्न. यातली 'ती' नायिका नसते. नायिकेचे काय झाले हे लेखकाने सांगितलेलेच असते. ती असते नायिकेची मैत्रीण, धाकटी बहीण, नृत्यसमारंभात भिंतीशी उभी राहिलेली मुलगी. हा प्रश्न आपण बालिश समजतो. पात्र ही शब्दांची रचना आहे, संहितेबाहेर त्याला अस्तित्व नाही, तेव्हा संहिता संपल्यावर त्याचे 'पुढे' काही होत नाही, असे आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात सांगून टाकतो. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे सांगितले आहे. ते चूक नाही; पण या प्रश्नाच्या मुळाशी जी नैतिक अस्वस्थता आहे ती अशा उत्तराने मिटत नाही. एवढे लोक एका गोष्टीत वावरले, आणि आपण पाहिले फक्त एकीकडे. हे कोणत्या न्यायाने?

इंग्रजी प्रणयकादंबरीने या अस्वस्थतेवर एक अख्खा रूपबंध उभा केला आहे. मिल्स अँड बूनच्या सुट्या पुस्तकांची ओळख आपल्याकडच्या फिरत्या वाचनालयांमुळे बऱ्याच जणांना असते. येथे अभिप्रेत आहे ती कादंबऱ्यांची मालिका, जिच्यात पहिल्या पुस्तकातले दुय्यम पात्र पुढच्या पुस्तकात मुख्य होते. या रूपबंधाची बीजे जॉर्जेट हेयरमध्ये दिसतात ('दीज ओल्ड शेड्स', १९२६, मधील ड्यूकचा मुलगा 'डेव्हिल्स कब', १९३२, चा नायक होतो). त्याचे आज सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ज्युलिया क्विन यांची 'ब्रिजर्टन' माला. २००० ते २००६ या काळात आलेली आठ पुस्तके, एका घरातली आठ भावंडे, आणि त्यांची नावेही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने : अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलॉइज, फ्रान्सेस्का, ग्रेगरी, हायसिंथ. एकाच्या गोष्टीत बाकीचे सात चहा पीत बसलेले असतात, आणि वाचकाला ठाऊक असते की यांचीही पाळी येणार आहे. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला शिधा मिळेल, असे हे आश्वासन आहे.

ॲलेक्स वोलॉक यांनी 'द वन व्हर्सेस द मेनी' (२००३) या ग्रंथात कादंबरीतील पात्रांचा विचार अवकाशाच्या वाटपाच्या अंगाने केला. कथनाजवळ लक्ष मर्यादित असते. नायकाला ते अधिक दिले की इतरांच्या वाट्याचे कमी होते. सपाट पात्र मुळात सपाट नसते, जागेच्या टंचाईमुळे ते तसे होते. ऑस्टिन, डिकन्स आणि बाल्झाक यांच्या आधारे मांडलेला हा विचार प्रणयमालेला लावून पाहिला तर मालेचे आकर्षण नेमके कोठे आहे ते कळते. तिचा दावा असा, की टंचाई खरी नाही. एका पुस्तकात जागा नसेल तर दुसरे पुस्तक काढू.

मालेतल्या चौथ्या पुस्तकात ('रोमान्सिंग मिस्टर ब्रिजर्टन', २००२) हा दावा फार सुंदर रीतीने खरा होतो, हे मान्य केले पाहिजे. पेनेलोपी फेदरिंग्टन ही आधीच्या पुस्तकांत कोपऱ्यात उभी असलेली, आईने न शोभणारे पिवळे कपडे घातलेली मुलगी. तिसऱ्या पुस्तकात तर कॉलिन ब्रिजर्टन आपल्या भावांना सांगत असतो की पेनेलोपीशी आपण कधीही लग्न करणार नाही, आणि ते तिच्या कानांवर पडते. तिची स्वतःची गोष्ट येते तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची आहे, आणि आपल्याला कळते की लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळाला घाबरवून सोडणारे 'लेडी व्हिसलडाउन' या टोपणनावाचे वार्तापत्र तीच लिहीत होती. त्या पत्रातले उतारे पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर छापलेले आहेत. म्हणजे आपण जिला पाहिलेच नाही तिचेच शब्द तीन पुस्तके वाचत होतो. जिच्याकडे कोणी पाहत नाही तिला सगळे दिसते, आणि दिसते म्हणून लिहिता येते. दुय्यमपणाचे असे ज्ञानमीमांसात्मक मूल्य एका लोकप्रिय कादंबरीने ओळखावे, याची नोंद आपण घ्यायला हवी होती. (नेटफ्लिक्सवरील रूपांतराने हे रहस्य २०२० साली पहिल्याच पर्वाच्या अखेरीस उघड केले, त्यामुळे या संरचनेतली गंमत बरीच गेली.)

पण रांगेतले सगळेच शिध्याला पात्र असतात काय? पाचव्या पुस्तकाची ('टू सर फिलिप, विथ लव्ह', २००३) सुरुवात नायकाची पहिली पत्नी मरीना तळ्यात उतरते येथून होते. नवरा तिला बाहेर काढतो. काही दिवसांनी ती तापाने जाते. ती दीर्घकाळ विषण्ण होती, एवढे आपल्याला सांगितले जाते. ती ब्रिजर्टन घराण्याच्या लांबच्या नात्यातली, म्हणून एलॉइज फिलिपला सांत्वनाचे पत्र लिहिते. त्या पत्रातून पत्रव्यवहार, पत्रव्यवहारातून प्रणय, प्रणयातून विवाह. कथानकाच्या दृष्टीने मरीना ही टपालाचे तिकीट आहे. तिची विषण्णता नायकाचा भूतकाळ म्हणून खर्ची पडते. आठ पुस्तकांच्या, पुढे जोडलेल्या उपसंहारांच्या ('द ब्रिजर्टन्स : हॅपिली एव्हर आफ्टर', २०१३) या ऐसपैस घरात तिला स्वतःची गोष्ट मिळाली नाही, आणि मिळणे शक्यही नव्हते, कारण या वाङ्मयप्रकाराची व्याख्याच सुखान्ताने होते. ज्याचा शेवट गोड करता येत नाही ते पात्र मालेत दुय्यमच राहणार. म्हणजे मालेने लक्षाचे वाटप वाढवले. वाटपाचा निकष मात्र हलवला नाही. तो निकष आहे, सुखी होण्याची पात्रता. (मालिकेच्या पहिल्या पर्वात मरीनाला मोठी जागा दिली गेली, ती बहुधा याच उणिवेच्या जाणिवेतून. असो.)

येथे एखादा वाचक म्हणेल की बाजारू साहित्याकडून याहून वेगळी अपेक्षा कशाला? हा उपहास मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच परंपरेत आहे. 'प्राचीन साहित्य' (१९०७) या संग्रहात समाविष्ट असलेल्या, काव्यातील उपेक्षितांवरच्या निबंधात रवींद्रनाथांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. लक्ष्मणामागे अयोध्येत राहिलेली ऊर्मिला, शकुंतला सासरी गेल्यावर आश्रमात उरलेल्या अनसूया-प्रियंवदा, आणि बाणभट्टाची पत्रलेखा : यांचे काय झाले? ऊर्मिलेची चर्चा पुढे पुष्कळ झाली; हिंदीत मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत' लिहून तिचे ऋण फेडले. पत्रलेखेकडे मात्र आपण पुरेसे पाहिले नाही, आणि आपण मराठी लोकांनी तरी पाहायला हवे होते. बाणाच्या ज्या ग्रंथाचे नाव आपण या संपूर्ण वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले, त्या 'कादंबरी'तली ही मुलगी आहे.

पत्रलेखा ही कुलूत देशाच्या राजाची कन्या. बंदिवान होऊन आलेली, आणि राणी विलासवतीने युवराज चंद्रापीडाला तांबूलवाहिनी म्हणून दिलेली. ती त्याच्या सतत सोबत असते, त्याचे मन जाणते, त्याचे निरोप नेते. तरुण पुरुषाच्या इतक्या निकट राहणाऱ्या या तरुणीला स्वतःचे काही मन असेल, ही शंकाही कवीला शिवत नाही, हा रवींद्रनाथांचा आक्षेप. आक्षेप रास्त आहे. पण आपण त्याच्याकडे जरा सावधपणे पाहू. पत्रलेखेला न्याय म्हणून रवींद्रनाथ काय मागतात? प्रेम करण्याचा अवसर. पेनेलोपीची वाचक याहून निराळे काही मागत नाही. आणि गंमत अशी की ही भरपाई फार पूर्वीच झालेली आहे : बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने जो उत्तरभाग रचला त्यात पत्रलेखा ही चंद्राची पत्नी रोहिणी असल्याचे उलगडते, आणि चंद्रापीड हा तर चंद्रच. दुय्यम पात्राचे देणे चुकवायचे म्हणजे तिला कोणाची तरी पत्नी करायचे, हा उपाय सातव्या शतकातही सुचला होता. वडिलांच्या अपुऱ्या ग्रंथाला पुत्राने जोडलेले ते जणू उपसंहाराचे पुस्तक.

एक फरक मात्र आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. आधुनिक भारतीय साहित्यात उपेक्षिताला प्रवेश मिळतो तो बहुधा दुःखाच्या दारातून. ऊर्मिलेला काव्य मिळाले ते तिच्या विरहामुळे. 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्ण केंद्रस्थानी येतो तो त्याच्यावरील अन्यायाच्या बळावर. वृषालीला निवेदनाचा अधिकार मिळतो, पण अशा कर्णाची पत्नी म्हणून. आपल्याकडे पुरेसे सोसले नसेल तर कोणी विचारत नाही. प्रणयमालेत फार सोसले असेल तर कोणी विचारत नाही. दोन्हीकडे दारावर एक कारकून बसला आहे आणि तो अर्ज तपासतो आहे. 'तिचे पुढे काय झाले' हा प्रश्न खरा असण्याची अट एकच, की विचारणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक नसावे. उत्तर ठरवून विचारलेला प्रश्न पात्राला उद्देशून नसतो. तो आपल्या स्वतःच्या गरजेचा उच्चार असतो.

ती गरज क्षुल्लक आहे, असे मात्र नव्हे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) मध्ये एका अमेरिकन गावातील ज्या वाचक स्त्रियांचा अभ्यास केला, त्यांच्या दृष्टीने वाचन ही आधी एक कृती होती : घरातल्या सर्वांची काळजी वाहणाऱ्या बाईने स्वतःसाठी काढून घेतलेला वेळ. आपल्याच घरच्या गोष्टीत जी दुय्यम पात्र आहे तिने पुस्तकातल्या दुय्यम पात्राची पाळी कधी येते याची वाट पाहावी, यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की तिला मिळते ते काय. पेनेलोपी कोपऱ्यातून मध्यभागी येते तेव्हा कोपरा रिकामा होत नाही; तेथे दुसरे कोणीतरी उभे राहते.

शार्लट लुकसचे उदाहरण घेऊ. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधली ही एलिझाबेथची सत्तावीस वर्षांची मैत्रीण कॉलिन्ससारख्या माणसाशी डोळे उघडे ठेवून लग्न करते. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला प्रश्न पडतो की शार्लटने रोजच्या बैठकीसाठी चांगली दर्शनी खोली सोडून मागची खोली का निवडली असावी. मग उलगडते : बायकांची बैठक दर्शनी खोलीत असती तर कॉलिन्ससाहेब तेथे अधिक वेळा येऊन बसले असते. बस्स, इतकेच. एका खोलीच्या निवडीत एक संपूर्ण संसार, त्यातली तडजोड, त्यातली हुशारी आणि त्यातला एकांत मावला आहे. आता शार्लटला स्वतःची प्रणयकादंबरी द्यायची ठरवली तर दोनच मार्ग उरतात : कॉलिन्सला मारणे किंवा सुधारणे. दोन्हींत शार्लटने जो निर्णय घेतला तो चुकीचा, तात्पुरता किंवा सुदैवाने निभावलेला ठरतो. तिची दया येऊन आपण तिच्याकडून तिची निवड काढून घेतो. तिला दिलेल्या थोड्या जागेतच ती अधिक सुरक्षित आहे असे मला वाटते, आणि हे वाटणे सनातनी आहे असा आरोप एका विद्यार्थिनीने चर्चासत्रात माझ्यावर केला होता. तिचे म्हणणे असे, की 'थोडक्यात शोभते' हे गरिबांना आणि बायकांना नेहमीच सांगितले गेले आहे. या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. जो बेकर यांच्या 'लाँगबोर्न' (२०१३) मध्ये त्याच बेनेट घराण्यातली मोलकरीण सेरा केंद्रस्थानी येते, तेव्हा ऑस्टिनच्या कादंबरीत कोणी धुतले, कोणी वाहिले हे प्रथमच दिसते. त्या पुस्तकाने मला या आक्षेपाच्या जवळ नेले. पण सेरालाही अखेर एक प्रेमकथा लागतेच.

म्हणून मला वारंवार ट्रोलपकडे परतावेसे वाटते. बारसेटशरच्या त्याच्या कादंबऱ्या (१८५५-६७) ही इंग्रजीतली पुनरागमन करणाऱ्या पात्रांची मोठीच वसाहत. क्लबात दोन पाद्री आपल्या पात्रांच्या पुन्हापुन्हा येण्याला कंटाळल्याचे बोलताना त्याने ऐकले, आणि मिसेस प्राउडीला तेथल्या तेथे मृत्युदंड फर्मावला, हे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. वाचकांचे तो इतके ऐकत असे. 'द स्मॉल हाउस ॲट अ‍ॅलिंग्टन' (१८६४) मध्ये क्रॉसबीने सोडून दिलेली लिली डेल जॉनी ईम्सला नकार देते. वाचकांना हे सोसवेना. लिलीचे जॉनीशी लग्न लावून द्या, अशी पत्रे ट्रोलपला येत राहिली. तीन वर्षांनी 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बारसेट' मध्ये त्याने लिलीला पुन्हा आणले. या खेपेस ती त्या कादंबरीतले एक दुय्यम पात्र आहे. जॉनी पुन्हा विचारतो. सगळी सिद्धता झालेली आहे : आई अनुकूल, मित्रमंडळी अनुकूल, जॉनी आता बऱ्या हुद्द्यावर. लिली पुन्हा नाही म्हणते, आणि आपल्या अविवाहितपणाची नोंद स्वतःच्या हाताने करून ठेवते. ट्रोलपला ही मुलगी फारशी आवडत नसे; तिच्यात थोडा आढ्यपणा आहे असे त्याचे मत होते. तरीही त्याने तिचे उत्तर बदलले नाही.