माटोळीतलं परत मातीला 🌿

॥ श्री गुरवे नमः ॥



चवथ जवळ आली. नेवऱ्यांचं सामान, मखर, पाहुण्यांची यादी, सगळीकडे गडबड चालू असेल. त्यातच दोन गोष्टी आपण सगळ्यांनी मिळून आठवू या.

भाद्रपद चतुर्थीच्या पूजेला पार्थिव पूजन म्हणतात. पार्थिव म्हणजे मातीची. मातीची मूर्ती आणायची, प्राणप्रतिष्ठा करायची, जमेल तेवढे दिवस सेवा करायची आणि उत्तरपूजेनंतर पाण्यात सोडायची. माती मातीला मिळाली की पूजा पूर्ण! प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र पाणी लागलं की घट्ट होतं, विरघळत नाही. मग ते विसर्जन कसं म्हणायचं? गोव्यात कितीतरी घरी गणपती परसातल्या विहिरीत पोचवतात. त्याच विहिरीचं पाणी आपण दुसऱ्या दिवशी भरतो. तेव्हा मूर्ती चिकणमातीची, रंग साधे, आणि हार-वस्त्रं आधी काढून ठेवलेली, एवढं तरी पाहायलाच हवं.

मूर्ती लहान असली तर भक्ती कमी होते का? पोर्तुगीज अमलात उघडपणे पूजा करणं कठीण झालं, तेव्हा आपल्या पूर्वजांनी पत्री मांडून, कागदावरच्या चित्राला हात जोडून चवथ सांभाळली. काही घराण्यांत आजही पत्रीचा गणपती पुजतात. दिखावा काहीच नव्हता, पण परंपरा टिकली.

आता माटोळी. देवाच्या डोक्यावर सुपारीची शिपटी, नारळ, तोरिंजन, चिबूड, काकडी आणि रानातली कांगलां बांधतो. निसर्गाने जे दिलं ते आधी देवाला दाखवायचं, ही त्यामागची कृतज्ञता. पण बाजारासाठी वेलच्या वेल ओरबाडून आणले, तर पुढच्या वर्षी रानात बी कुठून पडणार? आपली नातवंडं कांगलां फक्त फोटोत बघतील.

शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत करत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालूनच देतो. मग रानाची वाटी रिकामी कशी ठेवायची? गुरुमाऊलींच्या शिकवणीतलं 'सेवा' म्हणजे हेच, असं आम्हा सेवेकऱ्यांना वाटतं.

म्हणून यंदा घरात सगळ्यांनी मिळून एवढं ठरवू या:

🌱 माटोळीला रानातली प्रत्येक वस्तू नावापुरती, एकच घोस. बाकीचं आपल्या परसातलं.
🌱 माटोळी उतरवल्यावर खायची फळं प्रसाद म्हणून वाटायची. रानफळांच्या बिया मुलांच्या हातून परसात किंवा डोंगराच्या कडेला टाकायच्या.
🌱 निर्माल्य पिशवीसकट पाण्यात नाही. माड-केळीच्या मुळाशी खड्ड्यात.
🌱 मखराला थर्मोकोल नको. घरातली साडी, केळीचे गभे, फुलं पुरेत.

बेळगाव, इंदूर, बडोद्याकडच्या घरी माटोळी नसते, पण पत्री असतेच. बाजारातून जुडगे आणण्यापेक्षा दूर्वा, तुळस, आघाडा, शमी कुंडीत लावता येतात. मुलांना पानं ओळखता येतील, हा मोठा लाभ.

वडीलधाऱ्यांना "आमच्याकडे असंच चालत आलंय" असं वाटलं, तर वाद घालू नका. त्यांनाच विचारा, "आजी, तुमच्या लहानपणी मखर कशाचं असायचं?" बहुतेक वेळा उत्तर त्यातच मिळतं. 😊

बाप्पा सर्वांच्या घरी सुखाने येवोत आणि मातीत सुखाने परत जावोत.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏