गोल होऊ पाहणारी बस

क्रोशाने विणलेल्या पोकळ वस्तूत कापूस भरला की ती गोल व्हायला बघते. पहिल्यांदाच छोटी गाडी विणायला बसणाऱ्याने एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली, की सुई कुठली घ्यायची, घरे कुठे वाढवायची, कडा कशी आणायची, कापूस किती भरायचा, हे सगळे तिच्यातूनच उलगडत जाते. अस्वल किंवा ससा विणताना कापसाचा हा स्वभाव आपल्या बाजूचा असतो. पोट फुगले तर अस्वल उलट अधिक गोजिरे दिसते. बसचे पोट फुगले तर मात्र तिच्या बाजू आणि तिचा टप एकमेकांत मिसळून जातात आणि मूल विचारते, हे काय आहे?

असे का होते, ते आधी पाहू. तेवढ्याच कापडात जास्तीत जास्त जागा मावणारा आकार कोणता, तर चेंडूचा. आत कोंबलेला कापूस सगळीकडून बाहेर रेटतो, त्याला जागा हवी असते, आणि क्रोशाची वीण लांबीत, रुंदीत आणि तिरपीही ताणली जाते. म्हणजे रेटणारा तयार आणि सरकून जागा देणाराही तयार. सपाट बाजू मधोमध बाहेर येते, कोपरे आत ओढले जातात. हातात सफाई आली म्हणून हे थांबत नाही. त्याची व्यवस्था वीण घालतानाच करावी लागते.

आपल्याकडे क्रोशा घराघरांत होता तो दारावरच्या तोरणांत, रुखवतात मांडलेल्या रुमालांत, रेडिओ आणि टीव्हीवर पसरलेल्या जाळीदार झाकणांत. त्या कामात भोक हाच दागिना. साखळ्या आणि खांब अशा बेताने घालायचे की मधल्या रिकाम्या जागेतून नक्षी उठावी. कापूस भरायच्या खेळण्यात तीच रिकामी जागा दोष ठरते, कारण तिथून कापूस डोकावतो आणि तिथूनच वीण सैल होऊन फुगते. म्हणून इथे उंच खांब जवळजवळ वापरतच नाहीत. जपानमधून जगभर पसरलेल्या अमिगुरुमीच्या पद्धतीत बहुतेक सगळे काम मुक्या खांबावर चालते. सुई घरात घालून धागा ओढायचा, पुन्हा धागा घेऊन दोन्ही वेढ्यांतून काढायचा, झाला मुका खांब. आखूड, दाट, हट्टी टाका. लोकरीच्या वेष्टनावर सांगितलेल्या सुईपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्यावी. मिल्क कॉटनसारख्या मध्यम जाडीच्या धाग्याला अडीच मिलीमीटरची सुई चांगली. सुरुवातीला बोटे दुखतील इतके घट्ट वाटेल, पण ही घट्ट वीण हाच कापसाला होणारा पहिला विरोध आहे.

आता आकाराकडे. क्रोशात आकार काढतो तो हिशेब: किती घरे वाढवली आणि कुठे वाढवली. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. गोल विणताना एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि मग परीघ सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. टाके अख्खेच असतात, म्हणून आपण सहा वाढवतो: 6, 12, 18, 24. रुमाल विणणाऱ्या बायकांना हे फार आधीपासून हाताने ठाऊक आहे. खांबाची उंची मुक्या खांबाच्या जवळपास दुप्पट, म्हणून खांबाचा गोल रुमाल दर फेरीला बाराने वाढवला की सपाट बसतो. चौरसाचा हिशेब वेगळा. मध्यापासून बाजू एका टाक्याने दूर गेली की प्रत्येक बाजू दोन टाक्यांनी लांब होते. चार बाजूंचे मिळून आठ, आणि हे आठ फक्त चार कोपऱ्यांतच वाढवायचे. सहा घरे सगळीकडे वाटून वाढवली की गोल, आठ घरे चार कोपऱ्यांत वाढवली की चौकोन. वाढवणेच थांबवले तर वीण पसरायची थांबते आणि भिंत होऊन उभी राहते.

आणि गरजेपेक्षा जास्त वाढवत गेलो तर? वीण सपाट राहत नाही, तिला झालरी पडतात. डाइना ताइमिना या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी कॉर्नेल विद्यापीठात 1997 मध्ये याच झालरींतून हायपरबोलिक, म्हणजे अशा झालरदार पृष्ठांची, भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. कागदाची नाजूक प्रतिकृती फाटायची, लोकरीची टिकली. मला ही गोष्ट मनापासून आवडते. ज्या चुकीमुळे नवशिकी मुलगी रुमाल उसवते, त्याच चुकीत एक अख्खी भूमिती आहे.

तर बस. मी नवशिक्याला मोटारीआधी बसच सुचवते, आणि तीही एसटीचा लाल डबा. मोटारीला बॉनेट, काच, टप असे उतार असतात. बस ही सरळ पेटी. तळापासून सुरू करायचे. 13 साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घाला, ओळीत 12 होतील. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक साखळी घालून वळा, आणि अशा 6 ओळी करा. मग या आयताभोवती एक फेरी: कोपरे सोडून लांब बाजूंवर 10-10, आखूड बाजूंवर 4-4, आणि चारही कोपऱ्यांत एकाच घरात 3-3. मिळून 40 घरे. कोपऱ्यातल्या तिनांपैकी मधल्या टाक्याला वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवा.

इथून पुढे वाढ बंद. पण नुसती वाढ बंद केली तर तळ हळूहळू वळत वर येतो, वाटीसारखा, आणि बसला वाटी नको असते. तिला तळ आणि बाजू यांच्यामध्ये घडी हवी. प्रत्येक घराच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, एक आपल्याकडचा आणि एक पलीकडचा. भिंतीची पहिली फेरी फक्त पलीकडच्या धाग्यात घालायची. आपल्याकडचा धागा मोकळा राहतो, बाहेरून त्याची एक बारीक रेघ दिसते, आणि वीण त्याच रेघेवर काटकोनात मोडते. गाडी विणण्यातली सगळ्यात मोलाची युक्ती हीच, आणि अस्वल विणणाऱ्याला वर्षानुवर्षे तिची गरज पडत नाही. त्यानंतर दोन्ही धाग्यांतून नेहमीसारख्या फेऱ्या, भिंतीच्या एकूण 10. पिवळा पट्टा हवा असेल तर मधली एक फेरी पिवळ्या लोकरीने घाला, आणि फेरीची सुरुवात बसच्या मागच्या बाजूला ठेवा. गोल-गोल सलग विणताना रंग बदलतो तिथे एक पायरी पडते. ती मागे असलेली बरी.

भिंत चढते तसा एक प्रकार लक्षात येतो. मुके खांब बरोबर एकावर एक बसत नाहीत, प्रत्येक फेरीला जरासे बाजूला सरकतात. दहा फेऱ्यांनंतर हे सरकणे दोन-तीन घरांचे होऊ शकते. खुणेच्या धाग्यावरून थेट वर मोजून टप जोडला तर बस पिळल्यासारखी दिसते. म्हणून टपाचा कोपरा घरे मोजून नव्हे, डोळ्याने खालच्या कोपऱ्याच्या बरोबर वर धरून ठरवावा. हे सरकणे कमीही करता येते: घरातून पहिला धागा काढताना तो सुईवर वेढून न घेता सुई धाग्याच्या वर ठेवून त्याला खाली खेचायचे. टाक्याची फुली पडते, वीण आणखी घट्ट होते आणि तिरपेपणा घटतो. हात बसायला वेळ लागतो, पण गाड्या विणायच्या असतील तर ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी.

टप म्हणजे तळासारखाच दुसरा आयत, तोही 40 घरांचा. भिंतीची 40 आणि टपाची 40 घरे एकमेकांना लावून, दोन्ही पदरांतून सुई घालत स्लिप स्टिचने, म्हणजे धागा ओढून थेट सुईवरच्या वेढ्यातूनही काढत, जोडत जायचे. जोड बाहेर राहू द्या; त्याची उठलेली कड टपाची धार होते.

पाऊण जोड झाला की कापूस. आधी चार खालचे कोपरे, सुईच्या मागच्या टोकाने, थोडा थोडा दाबून. मग बाजू, मध्य सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. घरांमधून लाल रंगाआड पांढरे दिसायला लागले तर कापूस जास्त झाला, काढावा. तळाला आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेला प्लॅस्टिकचा आयत, कोपरे गोल करून, आधीच बसवून ठेवला की बस टेबलावर डुलत नाही. पुठ्ठा घालू नये, पहिल्याच धुण्यात त्याचा लगदा होतो.

एवढे करूनही टप थोडा फुगतोच. त्यावरचा उपाय आपल्या गादीवाल्यांकडे आहे. गादी भरून शिवली की ते मोठ्या सुईने दोरा वरून खाली, खालून वर आरपार नेऊन जागोजाग टाके घालतात, म्हणून कापूस एका जागी गोळा होत नाही आणि गादी सपाट राहते. बसलाही तेच करायचे. लांब सुईत लाल धागा ओवून तळातून टपात, एक घर सोडून परत तळात, हलके ओढून गाठ. असे दोन टाके पुढे-मागे. बाजूंनाही डावीकडून उजवीकडे एक. जोरात ओढले तर खळगा पडेल, म्हणून टप सपाट झाला की थांबायचे.

मुंबईच्या दुमजली बसचा मोह अनेकांना होतो, विशेषतः 1937 मध्ये सुरू झालेल्या त्या परंपरेतल्या जुन्या डिझेल बस सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्यापासून. ती पहिल्या खेपेला घेऊ नये. भिंत जितकी उंच तितकी ती मधोमध अधिक फुगते. पुढे कधी घेतलीत, तर खरोखरच मधला मजला करा: अर्ध्या उंचीवर आतून दुसरा विणलेला आयत शिवून टाका. तो चारही भिंतींना धरून ठेवतो, आणि एक उंच पेटी दोन बुटक्या पेट्यांची होते.

चाके सोपी. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या वेढ्यात, 6, पुढच्या फेरीत 12, मग पलीकडच्या धाग्यात न वाढवता 12, संपले. कड तीच, हिशेब तोच. काळी चार चाके आत कापूस न भरता शिवावीत, नाहीतर त्यांचेही गोळे होतील. खिडक्या पांढऱ्या किंवा करड्या धाग्याने वरून भरतकामाने काढाव्यात. विणताना रंग बदलून केलेल्या खिडक्या टाक्यांबरोबर तिरप्या होतात. बटणांची चाके छान दिसतात, पण तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटण, मणी काहीच लावू नका. सुटलेले बटण आधी तोंडात जाते.

बसनंतर काय, असे विचाराल तर पेट्रोलचा टँकर. आता काठ कसा मोडायचा आणि कापसाला कुठे धरायचे हे हाताला कळलेले असते, आणि टँकरमध्ये त्याला बराच मोकळा सोडता येतो. 6, 12, 18, 24, मग पलीकडच्या धाग्यात एक फेरी, मग हव्या तितक्या सरळ फेऱ्या. नळीचे अंग कापसाने गोलच होते, टँकरला गोलच हवे असते. घट्ट भरावे. दुसऱ्या टोकाला पुन्हा एक फेरी पलीकडच्या धाग्यात, आणि मग तोच हिशेब उलटा: 24 वरून 18, 12, 6. कमी करताना दोन शेजारच्या घरांचे फक्त आपल्याकडचे धागे सुईवर घेऊन एकत्र विणले तर जोड दिसत नाही. शेवटच्या सहा घरांच्या त्याच धाग्यांतून शिवणाची सुई फिरवून ओढली की भोक मिटते, आणि उरलेले टोक नळीच्या पोटात ओवून कापून टाकायचे.